आयुक्तांची खुर्ची आणि तालुक्याचं ठाणं

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे शहर पोलिसांच्या गुन्हे शाखेनं दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीत छापा घातला आणि एका रासायनिक कारखान्यातून सहाशे किलोंहून जास्त मेफेड्रोन जप्त केलं. तपासाचं पहिलं टोक पुण्यात, सोमवार पेठेत हाती लागलं होतं. तिथून माग काढत पोलीस विश्रांतवाडीच्या गोदामात, मग कुरकुंभला, पुढं दिल्लीला आणि सांगलीजवळच्या कुपवाडला पोचले. सगळ्या मालाची किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर सांगितली गेली. अमितेश कुमार यांनी शहराच्या आयुक्तपदाची सूत्रं हाती घेऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. राज्यभर त्यांचं नाव झालं आणि ते रास्तच होतं. एवढं विष बाजारात पोचण्याआधी अडवणं ही साधी गोष्ट नव्हे.

मात्र कुरकुंभ पुणे शहराच्या आयुक्तांच्या हद्दीत येत नाही. ते पुणे ग्रामीण पोलिसांकडे, दौंड ठाण्याच्या हद्दीत आहे. सोलापूर महामार्गावरून जाता-येता दिसणारी ही वसाहत. तिथं पाळीवर जाणारी माणसं आसपासच्याच गावांतली. तरी आपल्या शिवारातल्या कारखान्यात काय शिजतंय ते तालुक्याला पुण्याहून कळलं. याचा सगळा दोष दौंडच्या ठाण्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पिंपातलं रसायन कोणतं हे ओळखणं शिपायाचं काम नव्हे; त्यासाठी अन्न व औषध प्रशासन आहे, कारखान्यांवर देखरेख ठेवणारी खाती आहेत. पण अवेळी कोणत्या गेटातून कोणती गाडी निघते, बंद पडलेल्या युनिटमध्ये दिवे कुणाचे लागतात, गावातल्या कुणाच्या हातात अचानक पैसा खेळायला लागला, ही खबर बीट अंमलदाराला असते. निदान असायला हवी. त्यासाठी तो एका बीटवर पुरेसा काळ टिकला पाहिजे, त्याच्या गळ्यात झेपतील तेवढीच गावं असली पाहिजेत आणि आठवड्यातले निम्मे दिवस तो कुठल्यातरी बंदोबस्तात अडकलेला नसला पाहिजे.

मोठ्या शहराचा पोलीसप्रमुख हा आपल्याकडे गोष्टीचा नायक असतो. त्याच्यावर सिनेमे निघतात, त्याची आत्मचरित्रं खपतात, तो निवृत्त झाला की व्याख्यानमाला त्याला बोलावतात. ज्युलिओ रिबेरो, राकेश मारिया, मीरां बोरवणकर यांनी आपल्या नोकरीबद्दल लिहिलं आणि वाचकांनी ते आवडीनं वाचलं. माझी त्याला हरकत नाही. माझी हरकत आहे ती यातून तयार झालेल्या समजुतीला. खमक्या आयुक्त आला की शहर सुरक्षित होतं आणि आयुक्तालय आलं की तालुका सुरक्षित होतो, ही ती समजूत. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा गेल्या काही वर्षांचा अनुभव नेमका उलट बोलतो. पोलिसांचं बळ ठाण्यात असतं. ठाणी दुबळी ठेवून वर कितीही मोठ्या हुद्द्याचा माणूस बसवला तरी गुन्हा घडून गेल्यावरच त्याची गाडी येते.

आयुक्त आणि अधीक्षक यांच्यात फरक आहे तो अधिकाराचा. मुंबईला फ्रँक सौटर हे पहिले पोलीस आयुक्त १८६४ साली मिळाले. जिल्ह्यात मात्र इंग्रजांनी अधीक्षकाला जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या, म्हणजे कलेक्टरच्या, देखरेखीखाली ठेवलं. स्वातंत्र्यानंतर १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानं शहर आणि जिल्हा एकाच कायद्याखाली आणले, पण ही विभागणी कायम ठेवली. पुण्याला आयुक्तालय १९६५ साली मिळालं, पिंपरी-चिंचवडला १५ ऑगस्ट २०१८ रोजी. आयुक्तांच्या हद्दीत जमावबंदीचा आदेश आयुक्तच काढतात. तडीपारी पोलीस उपायुक्त करतात. झोपडपट्टीदादा आणि धोकादायक गुंडांना स्थानबद्ध करण्याच्या १९८१ च्या कायद्याखालचा आदेशही आयुक्तांचा. शिरूर-दौंडात हेच काम तहसीलदार, प्रांत आणि जिल्हाधिकारी यांच्याकडून करून घ्यावं लागतं. टोळीच्या तडीपारीचा अधिकार अधीक्षकांना आहे, पण एकट्यादुकट्याला हद्दपार करायचं तर प्रस्ताव प्रांतांकडे जातो. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायचं तर माणूस तहसीलदारापुढं उभा करायचा. शहरात त्याला पोलिसांनीच पकडायचं आणि सहायक पोलीस आयुक्तांनीच त्याच्याकडून बंधपत्र लिहून घ्यायचं.

अधीक्षकांचे हात बांधलेले आहेत, आयुक्तांचे मोकळे आहेत, म्हणून आयुक्तालय हवं, असा युक्तिवाद पोलीस खात्यात आणि राजकारण्यांत नेहमी ऐकू येतो. चाकण, आळंदी, तळेगावची ठाणी २०१८ साली पिंपरी-चिंचवडला गेली. लोणीकंद आणि लोणी काळभोर २०२१ साली पुणे शहराला जोडली गेली. हाच न्याय पुढं चालवला तर पाळी शिक्रापूर, रांजणगाव, यवतची आहे. नगर रस्त्यावर कोरेगाव भीमापासून रांजणगावपर्यंत कारखाने, गोदामं, भाड्याच्या खोल्या आणि हॉटेलं यांची सलग वस्ती झाली आहे. फियाट, व्हर्लपूल, एलजी यांच्या कारखान्यांभोवती कामगार पुरवण्याचे, गाड्या लावण्याचे, भंगार उचलण्याचे ठेके आहेत आणि त्या ठेक्यांवरून दादागिरी आहे. या पट्ट्याला खेडं म्हणणं केव्हाच खोटं ठरलंय. तरीही आयुक्तालयाच्या या मागणीला माझा विरोध आहे. त्याची कारणं नगर रस्त्यावरच, भीमेच्या पुलापाशी सापडतात.

पेरणे फाट्याजवळचा विजयस्तंभ हवेली तालुक्यात, लोणीकंद ठाण्याच्या हद्दीत आहे. पूल ओलांडला की कोरेगाव भीमा, शिरूर तालुका, शिक्रापूर ठाणं. १ जानेवारी १८१८ च्या लढाईसाठी कंपनीची पलटण आली होती तीही शिरूरच्या छावणीतून, आदल्या दिवशी निघून. १ जानेवारी २०१८ ला, लढाईला दोनशे वर्षं झाली त्या दिवशी, नदीच्या दोन्ही बाजू ग्रामीण पोलिसांकडेच होत्या. कोरेगाव भीमा आणि सणसवाडीत दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. ही ठिणगी आभाळातून पडली नव्हती. तीन दिवस आधी, २९ डिसेंबरला, जवळच्या वढू बुद्रुकमध्ये गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून तंटा झाला होता आणि शिक्रापूर ठाण्यात गुन्हाही नोंदवला गेला होता. म्हणजे ठाण्याच्या दप्तरात इशारा होता. त्या इशाऱ्याचं वजन वर कुणाला किती वाटलं, त्यावरून बंदोबस्त किती वाढला, हे प्रश्न न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या चौकशी आयोगापुढं वर्षानुवर्षं चालले.

त्या एका घटनेचे पुढं दोन तपास झाले. ३१ डिसेंबरला शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेचा गुन्हा पुणे शहराच्या विश्रामबाग ठाण्यात ८ जानेवारीला दाखल झाला. रश्मी शुक्ला तेव्हा शहराच्या आयुक्त होत्या. प्रत्यक्ष हिंसाचाराचे गुन्हे ग्रामीणकडे, शिक्रापूरला राहिले. मिलिंद एकबोटे आणि संभाजी भिडे यांच्यावर पिंपरीत नोंदवलेला गुन्हाही शिक्रापूरला वर्ग झाला. एकबोटेंना अटक आणि पुढं जामीन झाला, भिडेंविरुद्ध पुरावा मिळाला नसल्याचं पोलिसांनी नंतर सांगितलं. शहराचा तपास देशभर गाजला. लेखक, वकील, प्राध्यापक यांना वेगवेगळ्या राज्यांतून अटक झाली आणि २०२० साली तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडं गेला. शिक्रापूरच्या तपासाबद्दल, जिथं दगड पडले आणि घरं जळाली तिथल्या तपासाबद्दल, लोक हळूहळू बोलेनासे झाले. २०२२ साली आयोगापुढं साक्ष देताना, हिंसाचाराच्या वेळी दौंड उपविभागाचे पोलीस अधिकारी असलेल्या गृहस्थांनी सांगितलं की आपण तपासलेल्या गुन्ह्यांत हा दंगा एल्गार परिषदेमुळं झाल्याचं दाखवणारं काही हाती लागलं नाही. जागेवर तपास करणाऱ्याचं हे म्हणणं होतं. ते बरोबर की चूक हे ठरवणं न्यायालयाचं आणि आयोगाचं काम. पण ते म्हणणं चार वर्षांनी, उलटतपासणीत पुढं यावं आणि तोवर शहरातून मांडलेली गोष्ट घराघरांत पोचलेली असावी, हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं. दौंडचा उपअधीक्षक आणि पुण्याचा आयुक्त यांच्या आवाजात एवढा फरक असेल तर सत्यही मोठ्या आवाजाच्या बाजूला झुकतं.

त्या दिवसांतला एक अधिकारी इथं आठवलाच पाहिजे, कारण मोठ्या शहराच्या पोलीसप्रमुखाची कारकीर्द कशी चढते आणि कशी कोसळते याचं इतकं उघडं उदाहरण दुसरं नाही. एल्गार प्रकरणातल्या अटकांनंतर ३१ ऑगस्ट २०१८ ला पत्रकार परिषद घेऊन कथित पत्रं वाचून दाखवली ती राज्याचे तेव्हाचे अतिरिक्त पोलीस महासंचालक (कायदा व सुव्यवस्था) परमबीर सिंह यांनी. प्रकरण न्यायालयात असताना अशी पत्रकार परिषद घेतलीच कशी, असं उच्च न्यायालयानं काही दिवसांत विचारलं. फेब्रुवारी २०२० मध्ये तेच मुंबईचे आयुक्त झाले. मार्च २०२१ मध्ये, अंबानींच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या प्रकरणानंतर, त्यांची उचलबांगडी झाली. त्यानंतर तीनच दिवसांनी त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर महिन्याला शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप केला. देशमुखांनी तो नाकारला. मग सिंह यांच्यावरच गुन्हे दाखल झाले, न्यायालयानं त्यांना फरार घोषित केलं, डिसेंबरात ते निलंबित झाले, आणि सरकार बदलल्यावर निलंबन मागं घेतलं गेलं.

कोण खरं, कोण खोटं, हा माझा विषय नाही. मला त्या पत्राची तारीख महत्त्वाची वाटते. आरोप खरा असेल तर तो खुर्चीवर असताना करायचा होता. देशातल्या सर्वांत ताकदवान पोलीस खुर्चीवर बसलेल्या माणसाला गृहमंत्र्याविरुद्ध लेखी बोलायला खुर्ची जावी लागली. जमावबंदी, स्थानबद्धता, तडीपारी, हत्यारांचे परवाने, सगळे अधिकार ज्याच्या एका सहीत आहेत त्याचं आसन एवढं डळमळीत असेल, तर ती सही अखेर कुणाच्या इच्छेनं होते हे सांगायला नको. जिल्ह्यात निदान कलेक्टर आणि अधीक्षक अशी दोन माणसं असतात. एकावर दबाव आला तर दुसऱ्याचा नकार आड येऊ शकतो. शिरूरच्या एखाद्या कामगार पुढाऱ्याला तडीपार करायचं कुणाच्या मनात आलं तर कागद प्रांतांच्या टेबलावरून जातो, तिथं वकील उभा राहतो, तारीख पडते. हा विलंब पोलिसांना जाचतो. तो नागरिकाच्या कामी येतो.

विलंबाचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. १ ऑगस्ट २०२५ ला यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून जमाव रस्त्यावर आला, दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्याच गावात आठवडाभर आधी शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून वातावरण तापलेलं होतं. अशा वेळी आयुक्त असते तर आदेश तात्काळ निघाला असता, असं म्हणणारे भेटतात. कायदा मात्र तसं सांगत नाही. बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम देण्याचा अधिकार ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला आहे, तो नसेल तर उपनिरीक्षकाला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४८ व्या कलमात तो लिहिलेला आहे आणि जुन्या संहितेतही होता. अशा वेळी हुकूम देण्याचा हक्क ठाण्याकडं असतोच. तो अमलात आणायला पन्नास माणसं लागतात, ती जवळपास नसतात. आणि आठवडाभर धुमसणाऱ्या गावात कोणत्या गल्लीत कोण काय पसरवतंय हे आधी कळायला, त्या गावाशी ओळख असलेले चार पोलीस लागतात.

ही ओळख बदल्यांमध्ये नष्ट होते. सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं की जिल्ह्याचा अधीक्षक आणि ठाण्याचा प्रभारी यांना किमान दोन वर्षं हलवू नये. महाराष्ट्रानं आपल्या पोलीस कायद्यात २२-एन हे कलम घालून उपअधीक्षकापासून वरच्या सर्वांना दोन वर्षं, निरीक्षक-उपनिरीक्षकांना एका ठाण्यात दोन वर्षं आणि शिपायांना एका जागी पाच वर्षं असा सर्वसाधारण कालावधी ठरवला. त्याच कलमात अपवादात्मक परिस्थिती, जनहित आणि प्रशासकीय निकड यांची दारंही उघडी ठेवली. त्या दारांतून काय काय गेलं ते बघा. मुंबईत फेब्रुवारी २०२० ते जून २०२२ या काळात परमबीर सिंह, हेमंत नगराळे आणि संजय पांडे असे तीन आयुक्त येऊन गेले. पुणे ग्रामीणला २०१८ ते २०२५ या काळात सहा अधीक्षक झाले. सुवेझ हक, संदीप पाटील, अभिनव देशमुख, अंकित गोयल, पंकज देशमुख, संदीपसिंह गिल. या सहाही जणांच्या कर्तबगारीबद्दल मला शंका नाही. पण मावळच्या घाटापासून इंदापूरच्या उजनीपर्यंत पसरलेला जिल्हा सरासरी सव्वा वर्षात कुणालाही समजत नाही. आणि अधीक्षकांची ही गत असेल तर शिक्रापूर, रांजणगाव, यवत यांसारख्या 'वजनदार' समजल्या जाणाऱ्या ठाण्यांच्या प्रभारींचं काय होत असेल हे तालुक्यात कुणालाही विचारा. साहेब कधी आले आणि कुणामुळं आले, हे गावातल्या पानटपरीवर माहीत असतं.

आयपीएस अधिकाऱ्याची घडण कशी होते तेही इथं बघायला हवं. हैदराबादच्या अकादमीतून निघाल्यावर तो जिल्ह्यात शिकतो, काही काळ ठाणं सांभाळतो, मग दौंडसारख्या एखाद्या उपविभागाचा प्रमुख होतो. पुढं अधीक्षक, उपायुक्त, उपमहानिरीक्षक. मोठ्या शहराचा आयुक्त होईपर्यंत पंचवीसेक वर्षं गेलेली असतात. एवढ्या वर्षांत ठाण्याच्या पायरीवर बसलेल्या फिर्यादीशी तो थेट बोलला असेल तो बहुधा त्या पहिल्या चार-पाच वर्षांतच. म्हणून तालुक्यात तो किती दिवस राहिला, तिथं काय शिकला, यावर पुढचा आयुक्त घडतो. उपविभागाला आपण वाटेतला थांबा मानला तर शहरालाही कच्चाच आयुक्त मिळणार.

शहराच्या पोलीसप्रमुखांपैकी जे खरोखर लक्षात राहतात ते खालच्या माणसाकडं बघायला लागलेले, किंवा न बघण्याची किंमत खात्यानं मोजली तेव्हा खुर्चीवर असलेले. रिबेरो १९८२ साली मुंबईचे आयुक्त झाले आणि काही महिन्यांतच, १८ ऑगस्टला, त्यांचे शिपाईच रस्त्यावर उतरले. घरं, कामाचे तास, साहेबांच्या घरची कामं, संघटना करण्याचा हक्क, अशा तक्रारी साठलेल्या होत्या. सरकारनं संघटनेच्या पुढाऱ्यांना पकडलं आणि शहर पेटलं. लष्कर बोलवावं लागलं. रिबेरोंचं पुढचं आयुष्य पंजाब, पद्मभूषण, रुमानियातली वकिलात आणि दोन प्राणघातक हल्ले यांनी भरलेलं आहे. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतला हा १९८२ चा दिवस सर्वांत बोलका वाटतो, कारण त्या दिवशी मुंबईच्या आयुक्तांकडं अधिकार सगळे होते आणि ते अमलात आणणारं दल नव्हतं. त्यानंतर चौतीस वर्षांनी, २०१६ साली, दत्ता पडसलगीकर यांनी मुंबईत शिपायांना आठ तासांची पाळी द्यायला सुरुवात केली. कल्पना एका शिपायाची होती, प्रयोग देवनार ठाण्यात झाला, मग इतर ठाण्यांत गेला. पडसलगीकरांच्या नावावर एखादी चकमक सांगता येणार नाही कदाचित, पण शिपायाला रोज संध्याकाळी घरी जाऊ देणारा आयुक्त म्हणून त्यांचं नाव राहील. शिरूर-दौंडच्या ठाण्यांत आठ तासांची पाळी म्हटलं तर अंमलदार मान हलवतात. बारा तास झाल्यावर सुटका झाली तरी त्यांना बरं वाटतं.

बारा तासांच्या त्या दिवसात काय असतं ते पारगावच्या प्रकरणातून दिसतं. पुण्याची सगळी घाण घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. त्या परिसरातल्या ठाण्यांना नदीत मृतदेह सापडणं नवीन नाही. पोलीस पाटलाची वर्दी येते, पंचनामा होतो, आकस्मिक मृत्यूची नोंद होते, शवविच्छेदनाला नेतात, ओळख पटली तर नातेवाइकांना कळवतात, नाही पटली तर फोटो आसपासच्या ठाण्यांना पाठवतात. १८ ते २४ जानेवारी २०२३ या आठवड्यात यवत ठाण्याच्या हद्दीत, दौंड तालुक्यातल्या पारगावजवळ, भीमेच्या पात्रात एकामागून एक सात मृतदेह निघाले. शेवटचे तीन लहान मुलांचे. एकाच कुटुंबातली ही माणसं मजुरीसाठी निघोजला राहत होती. सुरुवातीला सामूहिक आत्महत्या वाटली, बातम्याही तशाच आल्या, कारणही लोकांनी जोडून दिलं होतं. तपास तिथंच थांबला असता तर कुणी फार विचारलं नसतं. पोट भरायला गावोगाव फिरणाऱ्या माणसांसाठी मोर्चे निघत नाहीत. पण तपास थांबला नाही. माणसं शेवटची कुठं दिसली, कुणाबरोबर निघाली, याची जुळणी झाली, आणि जवळच्या नात्यातल्याच पाच जणांना खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. एका जुन्या अपघाती मृत्यूचा सूड, असं पोलिसांनी कारण सांगितलं. कुरकुंभसारखी हजारो कोटींची संख्या या तपासात नव्हती. मला तो कुरकुंभइतकाच मोलाचा वाटतो, कारण आकस्मिक मृत्यूचं दप्तर मिटवून टाकणं सर्वांत सोपं असतं आणि इथं ते मिटवलं गेलं नाही. ज्यांनी ते केलं त्यांच्यावर कुणी आत्मचरित्र लिहिणार नाही.

या भागाला पोलिसांची ओळख नव्यानं करून द्यायची गरज नाही. दौंड शहरात राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात क्रमांकाचे गट आहेत, जवळ नानवीजला दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, जंक्शन असल्यामुळं लोहमार्ग पोलीस आहेत. गणपतीत मुंबई-पुण्याचा बंदोबस्त असो, निवडणूक असो, गडचिरोली असो, दौंडच्या जवानांच्या गाड्या निघतात. एवढा गणवेश ज्या गावात वावरतो त्या तालुक्याच्या रोजच्या वाट्याला मात्र दौंड आणि यवतची ठाणी आणि त्यांच्या चौक्या. राखीव दल हे दंगलीसाठी, बंदोबस्तासाठी. फिर्याद घ्यायला, चोरीस गेलेली विहिरीवरची मोटार शोधायला ते येत नाही. शिरूर आणि दौंड मिळून २०११ च्या जनगणनेतच साडेसात लाखांवर माणसं होती. त्यानंतर कारखान्यांमुळं आलेली वस्ती मोजलेलीच नाही. २०२४ साली पुणे शहराला वाघोली, खराडी, फुरसुंगी, आंबेगाव अशी सात नवी ठाणी मिळाली. वाघोलीला ठाणं हवंच होतं. पण वाघोलीहून अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या सणसवाडी-शिक्रापूरची गरज कमी कशी, याचं उत्तर मला सापडत नाही. मांडवगण फराट्याच्या माणसाला अधीक्षकांना भेटायचं तर अख्खं पुणे ओलांडून पाषाण रस्त्यावर जावं लागतं. ग्रामीण पोलिसांचं मुख्यालयच शहरात आहे.

या मातीत पोलीस आणि लष्कर पाठवून प्रश्न मिटत नाही याचा दाखला दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी सावकारानं जप्ती आणली, गावानं सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात दंगा झाला आणि तो भीमथडीत, म्हणजे आजच्या दौंड-बारामतीकडं, आणि शिरूर, इंदापूरकडं पसरला. जमाव बहुतेक ठिकाणी माणसं मारत नव्हता, गहाणखतं आणि करारनामे मागून घेऊन जाळत होता. सरकारनं लष्कर आणलं, धरपकड केली, आणि मग चौकशी आयोग नेमल्यावर त्याला कळलं की मूळ कर्जात आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यात आहे. १८७९ चा शेतकरी कायदा त्यातून आला. आज रांजणगावात कंत्राटी कामगाराचा पगार अडतो, भीमेच्या आणि घोडनदीच्या पात्रातून रात्री वाळू निघते, पिंपरखेडला २०२५ च्या पावसाळ्यानंतर बिबट्यानं पाठोपाठ माणसं मारली आणि गावकरी महामार्गावर बसले. या प्रत्येक ठिकाणी शेवटी पोलीस उभा केला जातो, आणि मूळ दुखणं कामगार, महसूल किंवा वन खात्याच्या टेबलावर पडून असतं. ते ज्या अधीक्षकाला आणि कलेक्टरला एका बैठकीत बसून सोडवता येईल, ती रचना मोडून एका आयुक्ताच्या हाती काठी देणं मला पटत नाही.

भीमेचा पूल आता पुणे शहर आणि ग्रामीण यांची हद्द आहे. दर १ जानेवारीला विजयस्तंभापाशी लाखोंनी माणसं येतात, आणि त्याचं नियोजन दोन पोलीसप्रमुखांना मिळून करावं लागतं. २०१८ नंतर ते दरवर्षी हजारोंच्या बंदोबस्तात शांततेत पार पडलं आहे, म्हणजे हद्द दोघांत वाटलेली असूनही काम होतं, मन लावलं तर. तेच मन उरलेल्या ३६४ दिवसांत हवं आहे. सणसवाडीला आणि कुरकुंभला स्वतंत्र ठाणी द्यावीत. बीटवरच्या अंमलदाराला कायद्यात लिहिलेली पाच वर्षं खरोखर मिळावीत आणि गावाबाहेरच्या बंदोबस्ताचे त्याचे दिवस मोजले जावेत. प्रभारी अधिकाऱ्याची दोन वर्षांच्या आत बदली करायची असेल तर जनहित म्हणजे नेमकं काय घडलं, ते आदेशात चार ओळींत लिहावं आणि तो आदेश ठाण्याच्या फलकावर लावावा. शिरूर आणि दौंडच्या आमदारांनी विधानसभेत आयुक्तालय मागण्याआधी गेल्या दहा वर्षांत या दोन तालुक्यांच्या ठाण्यांना किती प्रभारी मिळाले, प्रत्येकजण किती महिने राहिला आणि का गेला, हा प्रश्न लेखी विचारावा. गृह खात्याला त्याचं उत्तर द्यावं लागेल.